पिसवा जातात आणि पुन्हा येतात: नागपुरातल्या घरासाठी तपासणीचा क्रम

आधी लक्षणं बघा. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल, टणक पुळ्या येतात. दोन-तीन एका ओळीत किंवा एकाच जागी गोळा झालेल्या, मधोमध बारीक टिंब. खाज इतकी की झोपेत नखं लागून रक्त निघतं. कुत्रा जेवता जेवता थांबतो आणि शेपटीच्या मुळाशी दातांनी कुरतडायला लागतो. मांजर सारखी अंग चाटते, हात फिरवला की पाठीवर बारीक खपल्या लागतात. फिक्या चादरीवर मिरपुडीसारखे काळे कण दिसतात. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे बंद असलेल्या खोलीत पाय ठेवला की मिनिटभरात पोटरीवर दोन-चार तपकिरी ठिपके चढतात, बोट नेलं की उडून गायब.

यातलं काही जुळत असेल आणि फवारणी करूनही पंधरा दिवसांत सगळं पुन्हा सुरू होत असेल, तर पुढचं नीट वाचा. मानेवाड्याच्या आमच्या घरात पिसवा तीनदा झाल्या. पहिल्या दोन वेळी मी चुकत गेले, तिसऱ्यांदा त्या मुळासकट गेल्या. त्यानंतर माहेरी महाल भागातल्या जुन्या घरात, नणंदेकडे आणि ओळखीच्या पाच-सहा घरांत मी हेच काम केलं. चूक जवळपास सगळीकडे एकच होती. दिसणाऱ्या पिसवा मारल्या जात होत्या आणि न दिसणाऱ्या तशाच राहत होत्या.

त्या परत का येतात, हे आधी समजून घ्या

मादी पिसू जनावराच्या अंगावर राहून रक्त पिते आणि भरात असताना दिवसाला ४०-५० अंडी घालते. अंडी गुळगुळीत असतात, केसांना धरून राहत नाहीत. कुत्रा जिथे अंग टाकतो, जिथे कान फडफडवतो, तिथे ती मीठ सांडावं तशी सांडतात. अंड्यातून निघालेली अळी उजेडापासून पळते आणि गादीखाली, दिवाणामागे, फरशीच्या सांध्यांत शिरते. तिचं खाणं म्हणजे मोठ्या पिसवांची विष्ठा, जी खरं तर वाळलेलं रक्तच असते. पुढे ती रेशमाचा बारीक कोष विणते. कोष चिकट असतो, त्याला धूळ आणि केस लागून तो कचऱ्याच्या कणासारखाच दिसतो.

सगळी गोम या कोषात आहे. फवारणीचं औषध त्याच्या आत पुरेसं पोचत नाही. हवा मानवली तर अंड्यापासून मोठी पिसू व्हायला तीन-चार आठवडे लागतात, पण कोषात तयार होऊन बसलेली पिसू कित्येक महिने थांबू शकते. पावलांची थरथर, अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती काही क्षणांत बाहेर उडी मारते. दिवाळीत गावी जाऊन आल्यावर कुलूप उघडताच पिसवांचा हल्ला होतो तो यामुळेच. जनावराच्या अंगावर आपल्याला दिसतात त्या पिसवा एकूण संख्येच्या साधारण ५ टक्के धरल्या जातात. बाकी सगळं अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात घरात पडलेलं असतं.

पहिल्या वेळी बाराव्या दिवशी पिसवा परत दिसल्या तेव्हा फवारणीवाल्याला मी फोनवर नाही नाही ते बोलले. औषधात पाणी घातलं असाच माझा समज होता. त्याचं औषध खरं होतं. दुसरी फेरी लागेल एवढं त्याने सांगायला हवं होतं.

पहिली तपासणी, फुकटची: पिसवाच आहेत ना?

हे टाळू नका. किडा वेगळा असेल तर औषधही वेगळं लागतं आणि चुकीच्या औषधावर पैसे जातात. ढेकूण उडी मारत नाही. तो गादीच्या शिवणीत, पलंगाच्या खाचेत राहतो आणि हात, मान, पाठ असा उघडा भाग चावतो. गोचीड कातडीला घट्ट चिकटून बसते, हळू चालते, तिला आठ पाय असतात. पिसवेला सहा पाय असतात आणि ती दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते, म्हणून केसांमधून सरसर पळते. नणंदेकडे तर आम्ही आठवडाभर पिसवाच समजत होतो. शेवटी खिडकीतल्या कूलरमागे कबुतराचं रिकामं घरटं निघालं, त्यातले बारीक किडे घरात येत होते. घरटं काढून ती जागा धुतली आणि त्रास थांबला. कुत्र्याला औषध लावायची गरजच नव्हती.

खात्री करायला दोन गोष्टी पुरतात. कुत्र्याला पांढऱ्या पंचावर उभं करा आणि शेपटीच्या मुळाशी केस उलटे चोळा. पडलेले काळे कण ओल्या कापसावर दोन-तीन मिनिटं ठेवा. भोवती लालसर तपकिरी डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा. साधी माती असेल तर तसा डाग पडत नाही.

दुसरी गोष्ट, पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढून प्रत्येक खोलीत पाच मिनिटं पाय घासत फिरा आणि कोणत्या खोलीत किती चढल्या ते कागदावर लिहून ठेवा. हा कागद पुढचे तीन महिने जपून ठेवायचा आहे. आमच्या घरी हॉलमध्ये अकरा, मुलीच्या खोलीत दोन आणि स्वयंपाकघरात एकही नाही, असा हिशेब निघाला. मेहनत कुठे घ्यायची ते तिथेच ठरलं.

रात्री दिव्याखाली साबणपाण्याची ताटली ठेवण्याचा उपाय बऱ्याच जणांना माहीत असतो. पिसवा उजेडाकडे आणि उबेकडे उडी मारतात, साबणामुळे पाण्यावर तरंगू शकत नाहीत आणि बुडतात. मोजणीसाठी ही ताटली चांगली आहे. तिच्या भरवशावर मात्र घर साफ होत नाही.

घरात जनावरच नाही, मग या आल्या कुठून?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. महालात आईच्या घरी तेच झालं. कुत्रा नाही, मांजर नाही, आणि जिन्याखालून जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायावर पुळ्या. "पाच माणसं राहतो बाप्पा, जनावर कुठून आणू?" असं आई हताश होऊन म्हणाली. जिन्याखालच्या अडगळीत भटक्या मांजरीने पिल्लं घातली होती आणि पंधरा दिवसांपूर्वीच ती त्यांना घेऊन निघून गेली होती. मांजर होती तोवर पिसवा तिच्या अंगावर होत्या. ती गेली, मागे कोष राहिले आणि त्यातून निघालेल्या पिसवांना आता माणसंच सापडत होती.

म्हणून पोटमाळा, जिन्याखालची जागा, हिवाळ्यात झाकून ठेवलेला कूलर, मीटरची पेटी, अंगणातली लाकडं हे सगळं बघा. उंदीर-घुशींची बिळं दिसली तर जास्त जपा. उंदरांवरची पिसू वेगळी असते आणि प्लेग मुख्यतः तीच पसरवते. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने हे दाखवून दिलं. आपल्याकडे १९९४ मध्ये सुरतेतली घबराट अनेकांना आठवत असेल. आज ती भीती बाळगायचं कारण नाही, पण घरात एकामागून एक मेलेले उंदीर सापडायला लागले तर हात न लावता महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. मेलेल्या उंदराच्या अंगावरून पिसवा लगेच दुसरं शरीर शोधायला निघतात.

फणी, पाणी आणि ऊन

उवा-लिखांची बारीक दातांची फणी कोणत्याही जनरल स्टोअरमध्ये मिळते, तीच वापरा. शेजारी साबणपाण्याचं भांडं ठेवा आणि मानेपासून शेपटीकडे रोज दहा मिनिटं विंचरा. फणीत आलेली पिसू नखाने चिरडू नका, थेट पाण्यात बुडवा. पिसवेच्या पोटात कुत्र्या-मांजरांच्या एका पट्टकृमीची (पट्टीसारख्या लांब जंताची) अळी असू शकते, म्हणून हा जप. कुत्र्याच्या शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते त्याच जंताचे. मग जंताचं औषधही लागेल, नाहीतर पिसवा गेल्या तरी तो आजार राहील. लहान मुलांना हा जंत चुकून पिसू तोंडात गेल्याने होतो. रांगतं बाळ असेल तर त्या खोलीची सफाई सगळ्यात आधी करा.

कुत्र्याची गोधडी, सोफ्याची कव्हरं, पायपुसणी, सतरंजी हे सगळं एकाच दिवशी धुवायला काढा. आज गोधडी आणि उद्या सतरंजी असं केलं की अंडी एकीकडून दुसरीकडे जातात. मशीनला ६० अंशांची सोय असेल तर तीच लावा. नसेल तर कापड सोसेल तितकं कडक पाणी बादलीत घालून भिजवा.

आता नागपूरच्या हवेकडे येते. पिसवेच्या अळीला कोरडेपणा सोसत नाही. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली किंवा तापमान ३५ अंशांच्या वर बराच वेळ राहिलं तर ती वाळून मरते. त्या हिशेबाने आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये अंगणात आणि गच्चीवर पिसवांचं नाव नको. पण त्याच दिवसांत आपण हॉलला कूलर लावतो. ताट्यांवरून पाणी ओघळतं, खोली गार आणि दमट होते, आणि कुत्रा बरोबर कूलरच्या तोंडासमोर गोधडीवर पसरतो. बाहेर भट्टी असताना आत पिसवांसाठी आषाढ चाललेला असतो. आमच्याकडे दुसऱ्यांदा झाल्या त्या ऐन मे महिन्यात. "उन्हाळ्यात पिसवा होतच नाहीत" असं सगळे म्हणत होते आणि मीही तेच धरून बसले होते.

कूलर बंद करा असं नागपुरात कोण सांगेल? पण समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा, म्हणजे ओलावा कोंडणार नाही. तसंही त्याशिवाय कूलर गार करत नाहीच. कुत्र्याला कूलरसमोर उघड्या फरशीवर निजू द्या, गोधडी नको. स्टँडखालची ओलसर धूळ दोन दिवसांआड काढा. तिसऱ्या वेळी सगळ्यात जास्त धूळ तिथूनच निघाली होती.

आणि उन्हाचा फायदा घ्या. मार्च ते मे गाद्या, उशा, गोधड्या गच्चीवर अकरा ते चार टाका, मध्ये एकदा उलटवा, खाली उतरवण्याआधी काठीने झोडपा. जून उजाडला की हा उपाय संपला. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत दमट हवेत पिसवांचा सगळ्यात जोराचा काळ असतो, तेव्हा कडक पाणी आणि इस्त्रीच कामाला येते.

फरशी

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर पहिले दहा दिवस रोज फिरवा, मग दिवसाआड. कचऱ्यासोबत अंडी आणि अळ्या ओढल्या जातातच, शिवाय त्याच्या थरथरीने कोषातल्या पिसवा बाहेर येतात आणि बाहेर आल्या की औषधाच्या तावडीत सापडतात. काम झालं की पिशवी लगेच गाठ मारून घराबाहेर टाका, म्हणजे आत जिवंत राहिलेली एखादी पिसू परत घरात येणार नाही. मशीन नसेल तर झाडू किंचित ओला करून झाडा. कोरड्या झाडूने अंडी उडून दुसऱ्या कोपऱ्यात पडतात.

जुन्या घरांत शहाबादी फरशीचे सांधे उघडे असतात. आईच्या घरी मी जुन्या टूथब्रशने साबणपाणी घालून सांधा सांधा घासला, दोन दिवस वाळू दिला आणि गवंड्याकडून पांढरं सिमेंट भरून घेतलं. सगळ्या उपायांत टिकाऊ ठरला तो हाच.

मांजर असेल त्या घरात फिनाइलने पुसू नका. पंजे चाटताना ते तिच्या पोटात जातं.

जनावराचं औषध

इथून पैसे लागतात आणि इथेच लोक काटकसर करायला जातात. हात जोडून सांगते, हे औषध पशुवैद्याला विचारूनच घ्या. मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब मिळतात, काहींमध्ये अंडी-अळ्या वाढू न देणारं मेथोप्रीनही असतं. कुत्र्यांसाठी अफॉक्सोलानेर, फ्लुरालानेर अशा खायच्या गोळ्या आहेत. कोणतं द्यायचं ते वय, वजन आणि प्रकृती बघून ठरतं. फिप्रोनिलचे थेंब टाकण्याच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर आंघोळ घालायची नाही, कारण ते कातडीच्या तेलात मिसळून अंगभर पसरतात आणि शाम्पूने ते तेलच निघून जातं. "औषध लागू पडत नाही" म्हणणाऱ्या तीन घरांत मी विचारलं, तिघांनीही दुसऱ्याच दिवशी आंघोळ घातली होती.

घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला एकाच दिवशी द्या. एक जरी सुटलं तर पिसवा त्याच्यावर जगतात.

कुत्र्याचं औषध मांजरीला कधीही लावू नका. कुत्र्यांच्या कितीतरी पावडरींत आणि थेंबांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजरीच्या यकृताला ते पचवता येत नाही. शेजारच्या काकूंनी उरलेली पावडर मांजरीला चोळली आणि तासाभरात ती लाळ गाळत थरथरायला लागली. आम्ही तिला टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात नेलं, ती वाचली, पण दोन दिवस सलाइनवर होती. असं झालंच तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, पाकीट सोबत घेऊन निघा. फिप्रोनिल सशांना चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

रॉकेल, डांबरगोळ्या, कापूर, निलगिरीचं तेल, लसूण यातलं काहीही जनावराच्या अंगाला किंवा पोटात नको. कडुनिंबाचा धूर केल्याने मन शांत होत असेल, पण तो सांध्यातल्या कोषापर्यंत जात नाही.

फवारणी

दुकानातला फवारा आणायचा तर डब्यावर घरगुती वापराचा उल्लेख आहे का ते बघा. मोठ्या पिसवा मारणाऱ्या औषधासोबत मेथोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सिफेन असेल तर ते घ्या. त्याने अंडी आणि अळ्या पुढे वाढत नाहीत, म्हणजे साखळी तुटते. दिवाणाखाली, सोफ्याच्या फटीत, भिंत आणि फरशी मिळतात त्या रेषेवर मारा. खोलीच्या मधोमध हवेत मारून उपयोग नाही, तिथे पिसू राहत नाही. वाळेपर्यंत मुलं आणि जनावरं बाहेर, माशांची टाकी असेल तर झाकून तिचा पंप बंद.

गावाकडून शेतातलं उरलेलं औषध आणून घरात मारणारे लोक मी पाहिले आहेत. असं अजिबात करू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात मोकळ्या शेतात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले. बंद खोलीत, जिथे पोरं जमिनीवर झोपतात, तिथे ते विष किती दिवस राहील याचा विचार करा.

पुढे काय दिसेल

पहिल्या आठवड्यात पिसवा एकदम कमी होतील. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा वाढल्यासारख्या वाटतील. ते जुने कोष फुटत असतात. लोक नेमके इथेच कंटाळून सगळं सोडून देतात, आणि माझ्याही पहिल्या दोन वेळा इथेच वाया गेल्या. विंचरणं, झाडणं, महिन्याचं औषध सुरूच ठेवा. दर रविवारी मोज्यांची चाचणी करून आकडा लिहा. आमच्याकडे अकरावरून तीन, मग सात, मग दोन, एक, शून्य असा उतरत गेला. सलग तीन-चार रविवार शून्य आला तरी तीन महिने पूर्ण होईपर्यंत जनावराचं औषध थांबवू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पिल्लू आठ आठवड्यांपेक्षा लहान असेल, त्याच्या हिरड्या पांढुरक्या दिसत असतील किंवा ते मलूल असेल तर स्वतः काही लावू नका. खूप पिसवा लहान पिल्लाचं रक्त इतकं पिऊ शकतात की ते दगावतं. शेपटीजवळचे केस जाऊन जखमा झालेलं जनावर, गाभण कुत्री, आजारी मांजर यांनाही थेट पशुवैद्याकडे न्या. जवळ कोणी नसेल तर सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जनावरं तपासतात.

माणसाला चाव्यानंतर ताप, अंगावर पुरळ, जोराची डोकेदुखी आली किंवा पुळीत पू झाला तर डॉक्टर. अंगावर कुठे काळी खपली धरलेला व्रण दिसला तर तो डॉक्टरांना आवर्जून दाखवा. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात आणि विदर्भात स्क्रब टायफस या तापाचे रुग्ण निघाले होते. तो पिसवांनी नव्हे, गवतातल्या बारीक किड्यांच्या अळ्यांनी होतो, पण आपण "पिसू चावली असेल" म्हणत दिवस काढतो आणि उपचाराला उशीर होतो.

सहा आठवडे सगळं नेमाने करूनही आकडा उतरत नसेल, लाकडी तक्तपोशी किंवा पोटमाळ्यात हात पोचत नसेल, किंवा सोसायटीच्या दोन-तीन घरांत एकदमच त्रास असेल, तर कीटकनियंत्रणवाल्याला बोलवा. येण्याआधी चार गोष्टी विचारा. कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा परवाना आहे का, औषधाचं नाव काय, त्यात अळ्या वाढू न देणारा घटक आहे का, आणि साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी त्याच पैशांत धरली आहे का. औषधाचं नाव सांगायला जो टाळाटाळ करतो त्याला घरात घेऊ नका. तो येण्याच्या सकाळी फरशी झाडून घ्या, आणि फवारल्यावर कडेच्या पट्ट्या दहा-पंधरा दिवस ओल्या फडक्याने पुसू नका, नाहीतर औषधच पुसलं जाईल.

आणि दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुटीत घर आठ-पंधरा दिवस बंद राहणार असेल तर जाण्याआधी जनावराचं औषध चुकवू नका. परत आल्यावर मुलांना आणि कुत्र्याला ओसरीवरच थांबवा. मोठ्या माणसाने पांढरे मोजे चढवून आधी एकट्याने आत जायचं, सगळ्या खोल्यांतून पाय आपटत फिरायचं, झाडून किंवा व्हॅक्यूम करून घ्यायचं आणि मगच बाकीच्यांना आत घ्यायचं.